मृगाच्या आधीची तयारी : पाणी, कूलर आणि खाट

मे महिना संपत आला की देवळीच्या बाजारात बियाण्यांच्या पिशव्या आणि ताडपत्र्या दिसू लागतात. वखरणी आटोपलेली असते. मृग कोणत्या वाहनावर येणार, सोयाबीन आधी टाकावे की कपाशी, यावर चर्चा रंगते. पेरणीची तयारी आपला शेतकरी मन लावून करतो. पण घराची आणि शरीराची तयारी तेवढ्याच मनाने होताना दिसत नाही. गेली सत्तावीस वर्षे मी येथे दवाखाना चालवतो आहे. दरवर्षी जुलै महिन्यात माझ्या बाकावर जे रुग्ण बसलेले असतात, त्यांतील निम्म्यांना तरी तेथे येण्याची गरज नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मोसमी पाऊस सांगून येतो. केरळात तो सर्वसाधारणपणे १ जूनला पोहोचतो आणि आपल्या वर्धा-नागपूर भागात जूनच्या मध्यावर. म्हणजे रेडिओवर केरळची बातमी ऐकल्यावरही आपल्या हातात सुमारे पंधरवडा उरतो. तो कसा वापरावा, हे आजच्या लेखात पाहू.

पाणी का बिघडते?

पाऊस पडला की हगवण-उलट्या सुरू होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण का, हे फारसे कोणी विचारत नाही. आपली जमीन काळी, कपाशीची. ही माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. पावसात ती फुगते. या आकसण्या-फुगण्यात जमिनीखालच्या नळाच्या जोडांवर ताण येतो व ते सैल होतात. त्यातून आपल्याकडे नळ चोवीस तास चालत नाही. पाणी बंद झाले की नळातील दाब जातो आणि शेजारच्या नालीतील घाण त्याच सैल जोडातून आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिल्या धारेबरोबर ती घाण आपल्या हंड्यात येते.

विहिरीचेही तसेच. काठ नीट बांधलेला नसेल तर पहिल्या जोरदार पावसात गावातील सगळी धुऊन निघालेली घाण विहिरीत उतरते. म्हणून पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस सर्वांत धोक्याचे.

यावर उपाय म्हणजे क्लोरीन. ग्रामपंचायतीकडे जी टीसीएल पावडर असते, तीच आपली ब्लीचिंग पावडर. तिचे प्रमाण सोपे आहे : हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. आता विहिरीत किती पाणी आहे ते काढायचे कसे? विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ०.७८५ ने गुणा. उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. समजा, विहीर तीन मीटर रुंद आहे आणि पाणी चार मीटर खोल आहे. ३ × ३ × ४ म्हणजे ३६, आणि ३६ × ०.७८५ म्हणजे सुमारे २८. पाणी झाले २८ हजार लिटर आणि पावडर लागेल ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

पावडर कोरडीच विहिरीत भिरकावू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवून ढवळावे, पाच-दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडून हलवावी. त्यानंतर तासभर पाणी भरू नये. पोते उघडे राहिले किंवा ओलाव्यात पडले की पावडरीतील क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. म्हणून तासाभराने जलसुरक्षकाकडून पाण्याची क्लोरीन तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. हे पाणी आपल्याच घरी येणार आहे. विचारण्यात संकोच कसला?

घरी काय करावे? पहिल्या पाच मिनिटांचे नळाचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते सडा-सारवणाला वापरावे. पिण्याचे पाणी दुपदरी स्वच्छ कापडाने गाळून उकळावे. उकळी फुटल्यावर काही मिनिटे तसेच ठेवावे व त्याच भांड्यात झाकून थंड करावे. माठात हात बुडवून पेला भरण्याची सवय मात्र सोडावी. लांब दांड्याचे ओगराळे बाजारात मिळते.

हगवण लागली तर

येथे एका गोष्टीची आठवण देतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्याचा हा सर्वांत मोठा पुरावा. तरीही आपल्याकडे ‘सलाईन लावा’ हाच हट्ट असतो आणि पुडी पिशवीतच राहते.

ओआरएसची पुडी घेताना तिच्यावर किती पाण्यात घालायची ते वाचावे. सरकारी दवाखान्यातील पुडी एक लिटरची असते. दुकानात लहान, २०० मिलिलिटरचीही मिळते. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. थोडी-थोडी पावडर काढून वापरणेही चूकच. पूर्ण पुडी, पूर्ण पाणी, आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. अंगावरचे दूध बंद करू नये. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. त्या आशाताईंकडे मिळतात.

मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त पडले, तर मात्र घरी थांबू नये.

कूलर : उन्हाळ्याचा मित्र, पावसाळ्याचा शत्रू

विदर्भात कूलरशिवाय मे महिना निघत नाही. पाऊस आला की आपण तो बंद करतो, पण टाकीतले पाणी तसेच राहते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सगळी भांडी रिकामी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात.

यात एक बारीक गोष्ट आहे. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून टाकले तर पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच तीच अंडी फुटतात. म्हणून टाकी काथ्याने घासली पाहिजे, गवताचे पडदे काढून जाळले पाहिजेत आणि टाकी पालथी ठेवली पाहिजे. छपरावरचे टायर, फुटकी मडकी, नारळाच्या करवंट्या यांचाही याच वेळी निकाल लावावा.

पावसाळ्यात ताप आला तर रक्त तपासून घ्यावे. तोवर पॅरासिटामॉलखेरीज दुकानातून दुसरी तापाची वा अंगदुखीची गोळी घेऊ नये. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि डेंग्यूत ताप उतरतो तो दिवस निर्धास्त होण्याचा नव्हे, सावध राहण्याचा असतो. त्याच सुमारास पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी दिसली तर तातडीने दाखल करावे.

माझी चूक

आता जी गोष्ट सांगतो, ती सांगताना मला आजही जड जाते. माझ्या व्यवसायाची सुरुवातीची वर्षे होती. श्रावणातील पहाटे नदीकाठच्या एका गावाहून नऊ वर्षांच्या मुलाला आई-वडील घेऊन आले. पोट दुखत होते, दोन उलट्या झाल्या होत्या. ताप नव्हता, पोट मऊ होते. आई म्हणाली, “साहेब, रातभर झोपला नाही, म्हणून डोये उघडून नाही राह्यला.” मला ते पटले. मी इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले.

तीन तासांनी ते परत आले. मुलाच्या तोंडातून लाळ गळत होती, मान टाकली होती, श्वास वरच्या वर चालला होता. तेव्हा मला कळले की त्या पापण्या झोपेने मिटत नव्हत्या. वर्ध्याला नेताना वाटेतच तो गेला. नंतर घरच्यांना अंथरुणाजवळच्या भिंतीच्या फटीत मण्यार सापडली. मूल जमिनीवर गोधडी टाकून झोपले होते.

मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची आग होत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्या दिवसापासून पावसाळ्यात सकाळी पोटदुखीचा रुग्ण आला की मी दोनच गोष्टी करतो. “रात्री खाली झोपला होता का?” असे विचारतो आणि छताकडे बघायला सांगतो. पापण्या वर जात नसतील तर एक मिनिटही घालवत नाही.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. बहुतेक खेड्यांतले.

तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये. खाट वापरावी. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचाव्यात. डास आणि साप दोघांचाही बंदोबस्त होतो. पऱ्हाटीचे ढीग, कुटार, गोवऱ्या घराच्या भिंतीला लावून रचू नयेत. तेथे उंदीर येतात आणि उंदरामागे साप. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच.

साप चावलाच तर माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. हातातील अंगठी-बांगड्या, पायातील जोडवी काढावीत. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवावा. घट्ट दोरी आवळू नये, ब्लेडने कापू नये, चोखू नये. कडुनिंबाचा पाला कडू लागतो की नाही, हे पाहण्यात वेळ दवडू नये. सापाला मारत बसण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडील प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सरळ रुग्णालयात न्यावे. श्वास अडखळू लागला असेल तर श्वासाचे यंत्र असलेले ठिकाण गाठावे लागते. वर्ध्याला आणि सेवाग्रामला मोठी रुग्णालये आहेत, आपल्यापासून फार दूर नाहीत. देवाला नारळ नंतरही फोडता येतो.

निंदणाला जाणाऱ्या बायाबापड्यांसाठी

आणखी एका तापाची ओळख हवी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले. गवतातील डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यासारख्या किड्याची पिले चावल्याने हा ताप येतो. चावल्याच्या जागी पुष्कळदा न दुखणारी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना ही खपली स्वतःहून दाखवावी, लाजू नये. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी हा ताप बरा होतो. शेतातून आल्यावर अंग साबणाने धुवावे व कामाचे कपडे बदलावेत.

ज्यांच्या पायाला हत्तीरोगाची सूज आहे, त्यांनी पावसाळ्यात पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चिखल्यांतून जंतू शिरले की थंडी-ताप येऊन सूज आणखी वाढते.

रस्ता बंद होण्याआधी

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे नेली. दरवर्षी तसा पूर येत नाही. पण रपट्यावरून पाणी गेले की गाव दोन-दोन दिवस तुटते, हे आपण पाहतोच. म्हणून :

१. रक्तदाब, मधुमेह, दमा, मिरगी यांच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवाव्यात.

२. ज्या लेकीसुनेचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरतात, तिला आठ दिवस आधीच रस्त्यावरच्या गावी नातेवाइकांकडे आणावे.

३. एका डब्यात ओआरएसच्या चार पुड्या, पॅरासिटामॉल, पट्टी, बॅटरी आणि आगपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी.

४. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मोटारसायकल घालू नये. पाणी गुडघ्याइतके दिसते, पण त्याची ओढ दिसत नाही.

५. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबू नये. आपल्याकडे शेतात एकटे झाड म्हणजे विजेला आमंत्रणच.

यांपैकी कशालाही फार पैसा लागत नाही. येत्या रविवारी सकाळी कूलर घासून पालथा घालावा, दुपारी ओआरएसच्या पुड्या आणाव्यात आणि रात्री मुलांचे अंथरूण जमिनीवरून उचलून खाटेवर टाकावे. बाकी पाऊस चांगला होवो, पिके भरून येवोत. आणि माझ्या बाकावर या वर्षी गर्दी कमी असो.