परदेशात मैत्री जमेल का?

प्रश्न : मी तेलंगणातल्या नेरडीगोंड्याची. घरी मराठी, शाळेत तेलुगू. ऑक्टोबरपासून जर्मनीत एमएस करणार आहे. आपली माणसं सोडून इतरांशी मैत्री कशी जमणार?

उत्तर : घरात एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलत तू वाढलीस. बोलताना चुकलं तरी चालतं, हे तुला कुणी शिकवायला नको. अडचण वेगळीच येईल. आपल्याकडे न सांगता कुणाच्याही घरी जाता येतं. तिथे चहालासुद्धा दिवस-वेळ ठरवतात. तो तुटकपणा समजू नकोस, आणि ठरलं की वेळेवर पोच. बऱ्याच विद्यापीठांत 'टँडम' असतं : तू कुणाला तेलुगू किंवा हिंदी शिकवायची, त्यानं तुला जर्मन. पहिल्याच महिन्यात नाव नोंदव. सामाईक स्वयंपाकघरात फोडणीआधी खिडकी उघड (धुराचा अलार्म!) आणि एक ताट जास्त वाढ.

परदेशातली अशी मैत्री नवी नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, त्याआधीच न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी त्यांची पत्रमैत्री होती. त्यांच्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला १८८५ चा फोटो बघ : त्या, एक जपानी, एक सीरियन; तिघी आपापल्या पोशाखात. भारतीयांचा गट सोडू नकोस, रोजचं जेवण मात्र त्यांच्यातच नको.