परसातील भाजीची बाग: नव्याने आरंभ करणाऱ्यांकरिता एक पाठ

मारेगाव तालुक्यातील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन व तूर ही पिके होतात. तथापि याच तालुक्यातील पुष्कळ घरी भाजी मात्र आठवडी बाजारातून विकत येते. बाजाराच्या दिवशी आणलेली भाजी तीन-चार दिवसांत संपते, आणि मग पुढील बाजारापर्यंत वरण, बेसन किंवा चटणी यांवर भागवावे लागते. ज्या हातांनी गाडीभर माल पिकवला त्याच हातांना ताटात मूठभर हिरवा पाला मिळू नये, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

या उणिवेचा भार सर्वांत अधिक कोणावर पडतो? घरातील स्त्रीवर, कारण ती सर्वांचे जेवण झाल्यावर जेवते व उरलेसुरले खाते. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. परसातील बाग हे या रोगावरील संपूर्ण औषध नव्हे; दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु रोजच्या जेवणात हिरवी भाजी व लिंबू असेल तर शरीराला मोठे साहाय्य होते. म्हणून ज्यांनी आजवर घराजवळ एकही वाफा केला नाही, अशांकरिता हा पाठ लिहिला आहे. वाचता येणाऱ्यांनी तो शेजाऱ्यांस वाचून दाखवावा.

१. जागा

आपल्या भागात घरामागील जागेस सांदवाडी म्हणतात. तेथे, निदान पाच-सहा तास ऊन पडेल अशी जागा निवडावी. मोठ्या झाडाच्या दाट सावलीत मेथीसुद्धा नीट वाढत नाही. जागा न्हाणीजवळ असल्यास पाण्याची सोय सहज होते. मात्र कपाशीच्या शेताला अगदी लागून बाग करू नये. शेतावर फवारलेले औषध वाऱ्याने भाजीवर येते.

आरंभी बाग लहानच असावी. पहिल्या उत्साहात पाच गुंठे खणणारा मनुष्य दुसऱ्या महिन्यात निंदणाला कंटाळतो व सर्वच सोडून देतो. तीन फूट रुंद व दहा फूट लांब असे चार वाफे पुरेत. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवावी. म्हणजे सतरा फूट लांब व दहा फूट रुंद एवढ्या जागेत सर्व बाग मावते. वाफा तीन फुटांहून रुंद करू नये, याचे कारण असे की दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते.

वाफे आखण्यापूर्वी कुंपण करावे. शेळीला मेथीचा वास लागला की एका सकाळीत महिन्याचे श्रम नाहीसे होतात. त्याकरिता विकतची जाळी नको. पऱ्हाट्या व तुराट्या उभ्या रोवून त्यांना बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांची जोड दिली म्हणजे एका हंगामापुरते काम भागते.

ज्यांच्या घरामागे जागाच नाही त्यांनी निराश होऊ नये. धान्याच्या जुन्या पोत्यात किंवा फुटक्या माठात माती व शेणखत सारखे घालून एक वांग्याचे व एक मिरचीचे झाड लावता येते. भिंतीलगत दोडक्याचा वेल लावून छपरावर चढविला तर जमीन लागतच नाही. भांड्याच्या बुडाला मात्र पाणी निघून जाण्यास छिद्र असावे.

२. जमीन व खत

आपली काळी माती कसदार आहे, परंतु तिच्या स्वभावाची ओळख पाहिजे. ती ओली झाली म्हणजे फुगते व पाणी धरून ठेवते. वाळली म्हणजे तिला भेगा पडतात. पावसाळ्यात सपाट वाफ्यात पाणी साचते आणि मिरचीची व टोमॅटोची मुळे कुजतात. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे करावेत, म्हणजे वाटेची माती वाफ्यावर ओढून तो अर्धा फूट उंच करावा. उन्हाळ्यात याच्या उलट वाफा किंचित खोलगट ठेवावा, म्हणजे घातलेले पाणी बाहेर जात नाही. माती चिखलासारखी ओली असता किंवा दगडासारखी वाळलेली असता खणू नये. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा व बोटाने ढकलल्यावर तो फुटावा, अशी ओल असताना कुदळ मारावी.

प्रत्येक वाफ्यास चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली घालावे. ताजे शेण घालू नये. त्यात हुमणी होते व रोपे जळतात. शेण थोडे असेल तर खताची एक उत्तम रीत याच यवतमाळ जिल्ह्यात निघाली आहे. पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती शोधून काढली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. विटांचे एक टाके बांधून त्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. आत पालापाचोळा, शेणाचा पातळ काला व माती यांचे थर आलटून पालटून देतात व वरून मातीने लिंपून घेतात. तीन ते चार महिन्यांत काळे, भुसभुशीत व दुर्गंधीरहित खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत व्हावे हाच या रीतीचा हेतू होय. विटा नसल्यास चौघांनी मिळून तुराट्यांचा कूड करूनही हे काम साधता येईल.

३. काय व केव्हा पेरावे

पावसाळी भाज्या मृगाचा पाऊस चांगला लागल्यावर पेराव्यात. भेंडी, गवार, चवळी, आंबाडी, दोडके, कारले व कोहळे ही त्या वेळची पिके. वांगी, टोमॅटो व मिरची यांचे बी प्रथम लहानशा वाफ्यात टाकून पाच-सहा आठवड्यांनी रोपे उपटून लावतात. रोपे नेहमी सायंकाळी लावावीत व लगेच पाणी द्यावे. वांग्यांच्या दोन झाडांत दोन फूट व भेंडीच्या दोन झाडांत एक फूट अंतर असावे. रोप लहान असता हे अंतर फार वाटते. परंतु दाटी केली तर झाडे उंच होतात व फळ धरत नाही.

हिवाळी भाज्यांकरिता पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत वाफे तयार ठेवावेत. मेथी, पालक, सांबार, मुळा, गाजर, वाल व कांदा यांना हा काळ मानवतो. अगदी नवख्या मनुष्याने मेथीपासून आरंभ करावा. ती एका महिन्याच्या आत खाण्याजोगी होते व शिकणाऱ्याला धीर येतो. सांबार पेरण्यापूर्वी धणे हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन फाके करावेत. प्रत्येक फाक्यातून निराळे रोप निघते. पालक मुळासकट उपटू नये. बाहेरची पाने खुडली तर तोच वाफा तीन-चार वेळा भाजी देतो.

सर्व बी एकाच दिवशी टाकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तसे केल्यास एका आठवड्यात भाजी वाया जाते व नंतर महिनाभर काही नसते. दर पंधरा दिवसांनी अर्धा वाफा पेरत जावा. बी किती खोल पेरावे, हे पुष्कळ जण विचारतात. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, एवढा साधा नियम लक्षात ठेवावा.

वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत व त्यांचे रोगही बरेचसे एकच. म्हणून ज्या वाफ्यात या वर्षी वांगी होती त्यात पुढील वर्षी चवळी किंवा वाल लावावा. शेंगांची पिके हवेतील नत्र मुळांशी धरून जमीन सुधारतात.

कुंपणाच्या कडेला एक मुंगणा, एक लिंबू, एक पपई व एक गोडनिंब अवश्य लावावा. मुंगण्याच्या शेंगा आपण खातो, पण पाला टाकून देतो. वास्तविक तो पाला फार पौष्टिक आहे. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने तिच्यातील लोह अंगी लागते. उलट जेवणासोबत चहा घेतल्याने ते कमी लागते. त्याचप्रमाणे पावसाळ्यात आपोआप उगवणारा तरोटा, घोळ व चिवळ यांना तण म्हणून तुच्छ मानू नये. कोलाम पोडावरील वडीलधाऱ्या बायांना या रानभाज्यांचे जे ज्ञान आहे ते आपण त्यांच्यापासून शिकून घ्यावे.

४. पाणी

‘प्यायलाच पाणी नाही, बागेला कोठून आणावे?’ हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे की, बागेला निराळे पाणी आणावयाचे नाही. वापरलेलेच पाणी पुन्हा वापरावयाचे आहे. हिवाळ्यात प्रत्येक वाफ्यास दिवसाआड एक मोठी बादली पाणी पुरते. चार वाफ्यांस रोजच्या दोन बादल्या झाल्या. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे पाणी याहून अधिक निघते. ते वाळू व गोट्यांच्या लहान खड्ड्यातून गाळून घ्यावे. फार साबणाचे पाणी पपईला व केळीला द्यावे, पालेभाजीवर ओतू नये. कच्च्या खावयाच्या कांद्याला व मुळ्याला स्वच्छ पाणीच घालावे.

पाणी सकाळी किंवा सायंकाळी मुळाशी घालावे व माती सोयाबीनच्या कुटाराने दोन-तीन बोटे झाकून टाकावी. या आच्छादनाने ओल टिकते, भेगा पडत नाहीत व तणही कमी होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत चारही वाफे जगविण्याचा हट्ट धरू नये. एकाच वाफ्यावर पऱ्हाट्यांचा मांडव करून त्याखाली थोडी पालेभाजी ठेवावी व बाकीचे वाफे खणून उन्हात तापू द्यावेत.

५. कीड व विष

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सन २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले. ते दुःख ज्या जिल्ह्याने पाहिले तेथे तेच विष स्वयंपाकघरात येऊ देणे ही केवढी हानी! कपाशीचे उरलेले औषध ‘फुकट जाऊ नये’ म्हणून वांग्यावर मारणारी घरे आहेत. मोनोक्रोटोफॉस या औषधाचा भाजीपाल्यावर वापर करण्यास सरकारने २००५ सालीच मनाई केली आहे. हा निर्बंध दंडाच्या भीतीने नव्हे, तर आपल्या लेकरांच्या जिवाकरिता पाळावयाचा आहे.

तीन नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावेत. शेतातील औषध बागेत आणू नये. शेतातील फवारणीचा पंप बागेत वापरू नये. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्याने पाणी घालू नये व त्यात बी किंवा धान्य ठेवू नये.

मग किडीचे काय करावे? बाग लहान आहे हेच आपले बळ. रोज सकाळी एक फेरी घालून अळ्या हाताने वेचाव्यात. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला तर आत अळी आहे असे समजून तो खुडून जाळावा. मावा व तुडतुडे यांवर निंबोळीचा अर्क चांगला चालतो. वाळलेल्या निंबोळ्या सोलून त्यांतील पाव किलो गर कुटावा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्याने गाळून त्यात आणखी चार लिटर पाणी व किंचित साबण घालावा, आणि सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी शिंपडावा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तसेच करावे. अर्क त्याच दिवशी संपवावा. त्यानेही जी चार वांगी किडतील ती किडू द्यावीत. कीड लागलेला भाग कापून टाकता येतो, विष कापून टाकता येत नाही.

६. बी राखणे

विकतचे संकरित बी पुढील वर्षी तसेच फळ देत नाही; म्हणून निदान काही भाज्यांचे गावरान बी घरचे असावे. वाल, चवळी, मेथी व टोमॅटो यांचे बी राखणे सर्वांत सोपे. पहिले निरोगी झाड निवडून त्यावरील शेंगा पूर्ण वाळू द्याव्यात, बी सावलीत सुकवावे, राखेत घोळून मडक्यात ठेवावे व तोंड बांधावे. भोपळ्याचे व दोडक्याचे बी शेजारच्या वेलाशी मिसळते, म्हणून ते पुढे सवय झाल्यावर राखावे.

हे काम शिकलेल्यांचेच आहे असे कोणी म्हणू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या आदिवासी शेतकरी बाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घराच्या परसापासून आरंभ करून गावरान बियांची पेढी उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. दुसरीकडे विल्यम केरी यांच्यासारखा महापंडित पाहा. ज्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले त्यांनीच १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईतीची संस्था स्थापन केली. निरक्षर असो वा पंडित, मातीने दोघांस सारखेच शिकविले.

७. काम कोणी करावे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या स्त्रीवर बागेचेही ओझे घातले तर बाग दोन महिन्यांत मरेल, आणि तसे होणे अन्यायाचेही आहे. खणणे, कुंपण व खत वाहणे हे पुरुषांनी करावे. पाणी व कीड वेचणे मुलांना वाटून द्यावे. काय पेरावे हे गृहिणीने ठरवावे, कारण स्वयंपाक तिचा आहे. आणि वाफ्यातील पहिली भाजी शिजेल त्या दिवशी तिच्या ताटात ती सर्वांबरोबर, सर्वांइतकीच वाढली जावी. असे न झाल्यास बाग हिरवी होईल, पण ज्या उणिवेकरिता ती केली ती उणीव तशीच राहील.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. वाफा तीन फुटांहून रुंद का करू नये?
२. काळ्या मातीत पावसाळी व उन्हाळी वाफे निरनिराळ्या रीतीने का करावेत?
३. विषासंबंधी तीन नियम सांगा. आपल्या घरी त्यांपैकी कोणता मोडला जातो?
४. आपल्या घरी या आठवड्यात किती दिवस हिरवी भाजी झाली, आणि ती कोणाकोणाच्या ताटात पडली?