‘झोपू दे त्याला’ म्हणण्याआधी

शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात नॉर्थ मेन रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही. वडाच्या पारंब्यांखालून या लेनमधून त्या लेनमध्ये पोरापोरींचे घोळके फिरत असतात. आम्हीही त्यातलेच. एका मित्राला बढती मिळाली होती. तो ऑफिसमधून थेट आला होता, दुपारच्या डब्यानंतर पोटात काही गेलं नव्हतं. आधी बिअर झाली, मग कुणीतरी शॉट्स मागवले, मग लाँग आयलंड आइस्ड टी. नावात चहा असला तरी त्यात व्होडका, जिन, रम, टकिला असं सगळं एकत्र असतं आणि गोडीमुळे जिभेला पत्ता लागत नाही.

तासाभरात तो सोफ्यावर कलंडला. त्याला धरून धरून रिक्षात बसवलं आणि जवळच एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर आणलं. वाटेत उलटी झाली. ‘पडलं ना बाहेर, आता बरं वाटेल. झोपू दे त्याला, सकाळी लिंबूपाणी देऊ,’ एक जण म्हणाला. अशा रात्री यापेक्षा घातक सल्ला दुसरा नसतो.

आमच्यातल्या एकीची आई नर्स आहे. तिने रात्री दोनला आईला उठवलं. काकू रागावल्या नाहीत, त्यांनी भराभर प्रश्न विचारले. हाक मारल्यावर डोळे उघडतो का? चिमटा काढला तर हात मागे घेतो का? हातपाय गार लागतात का? मोबाइलवर घड्याळ लावा आणि मिनिटाला श्वास किती घेतो ते मोजा. आम्ही मोजले, सात भरले. निरोगी माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. काकू म्हणाल्या, ‘आधी 108 लावा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा आणि शेजारून हलू नका.’

त्यानंतर खोलीत जी वादावादी झाली, ती मला आजही छळते. पोलीस केस होईल. त्याच्या बाबांना कळेल, त्यांच्या घरात तर कुणी दारूला शिवत नाही. थोडा वेळ थांबून बघू. आमच्याकडे हे सगळं घरापासून लपवून चालतं आणि ही लपवालपवीच वेळ खाते. शेवटी एका मैत्रिणीने कुणाचंही न ऐकता फोन लावला. हॉस्पिटलमध्ये त्याची रक्तातली साखर फार खाली गेलेली निघाली. उपाशीपोटी जास्त दारू झाली की असं होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शुद्धीत, स्वतःच्या पायांनी घरी गेला.

म्हणून हे नीट समजून घ्या. शेवटचा घोट घेतला म्हणजे चढायचं थांबलं असं नसतं. पोटात आणि आतड्यात उरलेली दारू रक्तात उतरतच राहते, त्यामुळे आडवं झाल्यावरही प्रकृती ढासळू शकते. 30 मिलीच्या एका पेगमध्ये जवळपास 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं निपटायला यकृताला साधारण तास लागतो. कडक कॉफीने, लिंबाने, थंड पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही. थंड पाणी तर उलट अपाय करतं, कारण दारूने शरीर आधीच उष्णता गमावत असतं. घशात बोट घालून उलटी काढायला लावू नका. बेशुद्धीत ठसक्याची प्रतिक्रिया मंदावते आणि उताण्या झोपलेल्याची उलटी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. कुशीवर वळवायचं ते यासाठी. वरचा गुडघा दुमडून पुढे घ्या, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा, अंगावर पांघरूण घाला.

मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ किंवा नखं निळसर, झटके, हलवूनही जाग नाही: यातलं एकही दिसलं तर बाकीच्या लक्षणांची वाट बघू नका, 108 लावा. पडून डोक्याला मार लागला असेल तर ‘चढलीय’ म्हणून गप्प बसू नका, मेंदूतला रक्तस्रावही वरून तसाच दिसतो.

पोलिसांच्या भीतीबद्दलही सांगते. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. आणि वडिलांचं म्हणाल, तर आमच्या मित्राचे बाबा पहाटे आले, मुलाच्या कपाळावर हात ठेवून बसले आणि आम्हाला एवढंच म्हणाले, ‘मला आधी का नाही रे फोन केलात?’

डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांगा. काय प्यायला, किती, केव्हापासून, शेवटचं कधी जेवला, झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी घेतली होती का, ग्लास कुठे सोडून गेला होता का. मित्राची अब्रू राखायला दोन पेग कमी करून सांगू नका. त्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली तर तीही सोबत घेऊन जा.