आत्या वेळेवर पोचली नाही

भावाला मुलगी झाली तेव्हा तो पोर्ट ब्लेअरला होता आणि मी कामासाठी लेहला. बाराव्या दिवशी बारसं. मी मोबाइलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर पाहिलं : सुमारे २,९०० किलोमीटर, वेळ चार तासांच्या आसपास. मला हायसं वाटलं. आदल्या सकाळी निघायचं असं ठरवून टाकलं.

तो आकडा नकाशावरच्या सरळ रेघेचा होता, आणि त्या रेघेवरून प्रवाशांचं विमानच जात नाही. आधी दिल्ली, मग चेन्नई किंवा कोलकाता, मग पोर्ट ब्लेअर. चेन्नईवरून गेलं तर हेच अंतर ३,७०० किलोमीटरच्या पुढे जातं. नुसतं हवेतच सहा तास, मधल्या ताटकळण्याचे वेगळे.

तेही जमलं असतं. पण घोड्याने पेंड खाल्ली ती लेहलाच. हा विमानतळ १०,६०० फुटांहून उंचावर आहे. मुळातच विरळ हवा ऊन चढलं की आणखी विरळ होते, इंजिनाची ताकद कमी पडते; दुपारी दरीत वारा सुटतो. म्हणून तिथली प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच ये-जा करतात. सकाळ ढगांत गेली की तो दिवसच हातचा जातो. त्या दिवशी दिल्लीहून आलेलं विमान आमच्या डोक्यावर घिरट्या घालून परत गेलं. आवाज ऐकू येत होता, विमान दिसत नव्हतं. दहाच्या सुमारास आमच्या बॅगा परत मिळाल्या. दुसऱ्या दिवशीची विमानं आधीच भरलेली. मनालीच्या रस्त्याने उतरायचं तर दोन दिवस.

रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत आले. पुढची दोन्ही तिकिटं मात्र मी स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी काढली होती. त्या कंपन्यांच्या लेखी मी विमान चुकवलेली प्रवासी. भाड्यातला एक रुपया परत मिळाला नाही.

बारशाच्या संध्याकाळी वहिनीने फोन बाळाच्या कानाशी धरला आणि मी लेहमधून नाव सांगितलं. चांदीचे वाळे माझ्या पर्समध्येच होते.

तुम्हाला अशा दोन टोकांमध्ये जायचं असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. आधी विचारा, तिथून विमानं दिवसाच्या कुठल्या वेळी सुटतात आणि आजचं रद्द झालं तर पुढचं कधी. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा, चार पैसे जास्त गेले तरी. मग मधलं विमान हुकल्यावर पुढची सोय लावायची जबाबदारी कंपनीवर येते. लेहहून निघाल्यावर दिल्लीत एक मुक्काम धरा, आणि कार्य असेल तर त्याआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण बारसं पुन्हा होत नाही.

मी पोचले ती बारशानंतर तीन दिवसांनी. वाळे घातले, आणि नाव पुन्हा एकदा कानात सांगितलं, फोनशिवाय.