मूत्रपिंडातून हृदयापर्यंत चढणारी गाठ



रक्ताभिसरण शिकवताना आपण फळ्यावर लाल रोहिणी आणि निळी नीला काढतो. मूत्रपिंडाकडून निघालेली निळी रेघ पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते आणि ती शीर हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उघडते. कधीकधी याच वाटेने एक आजार वर चढतो.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगाच्या एका गाठीला ‘विल्म्स ट्यूमर’ म्हणतात. मॅक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९ मध्ये तिच्यावर लिहिलं, म्हणून हे नाव. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले, म्हणजे आपल्या अंगणवाडीतलेच. काही मुलांत ही गाठ शिरेच्या आतून वेलीसारखी चढते आणि शंभरातल्या एखाद्यात थेट हृदयात पोचते.

‘हृदयात गाठ गेली’ म्हटलं की घरच्यांचे हातपाय गळतात. पण उपचार तिथं संपत नाहीत. बहुधा आधी केमोथेरपी देतात. काही आठवड्यांत गाठ आक्रसते, पुष्कळदा हृदयातून खालीही उतरते. मग सर्जन मूत्रपिंड काढतात, मोठ्या शिरेतलं रक्त वर-खाली अडवतात, शीर उघडून आतली गाठ शक्यतो अखंड ओढून घेतात आणि शीर शिवतात. अखंड का? तुकडा सुटला तर तो हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. गाठ हृदयातच राहिली, तर छाती उघडावी लागते. तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम हार्ट-लंग मशीन करतं. अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. उरलेल्या एका मूत्रपिंडावर मूल छान वाढतं. (‘मूत्रपिंडं दोन कशाला?’ असं विचारणारं पोर प्रत्येक वर्गात असतंच, त्याला हे सांगा.)

आता आपल्या औंध भागातल्या वाड्यावस्त्यांचं. ही गाठ बहुतेकदा आंघोळ घालताना आईच्याच हाताला लागते. पोट एका बाजूला फुगतं, दुखतंच असं नाही. कधी लघवी लाल होते. ‘जंत झालेत’ म्हणून थांबू नका. आणि ते पोट चोळू नका, आल्यागेल्याला दाबून बघू देऊ नका, गाठ फुटू शकते. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, पण त्याची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या. गाठ निघालीच, तर मुंबईत परळला टाटा रुग्णालयात मुलांच्या कर्करोगाचा वेगळा विभाग आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.