बटाट्याची जुनी माती

"काकू, बटाटे काढून झाले. आता पोत्यांतली ही माती फेकून द्यायची का? त्यात करपा राहतो म्हणतात."

"फेकायची कशाला? शेणखत, कोकोपीट विकत आणून भरलीस ना? आधी सांग, पानांवर काय दिसलं होतं?"

"खालच्या पानांवर तपकिरी ठिपके. त्यांच्या आत वलयं."

"म्हणजे लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा. सोलापूरच्या उबदार हवेत तोच जास्त. उशिरा येणाऱ्या करप्याला थंड, ढगाळ हवा आणि तासन्‌तास ओली राहिलेली पानं लागतात. पानाखाली पांढरट बुरशी धरते आणि आठवड्याभरात झाडं काळी पडतात. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर बटाटा पावसाळ्यातच वाढतो, तिथे त्याची धास्ती मोठी. आपल्याकडेही जानेवारीत आभाळ भरून आलं की पानं उलटून बघत जा."

"पण मातीत दोन्ही राहतात?"

"गल्लत होते ती इथेच. उशिरा येणाऱ्या करप्याची बुरशी सहसा जिवंत झाडावरच जगते. नुसत्या मातीत ती फार टिकत नाही, पण मातीत राहिलेल्या बटाट्यात दडून बसते. १८४५ पासून आयर्लंडात जो दुष्काळ पडला, तो याच बुरशीमुळे. रोगट कंदांतूनच ती पुढच्या हंगामात पोचायची. म्हणून माती चाळून घे, सुपारीएवढा बटाटाही ठेवू नकोस. लवकर येणारा करपा मात्र वाळलेल्या पाल्यात वर्षभरही तग धरतो. तेव्हा पाला, मुळं, खोडं सगळं वेच."

"ते कंपोस्टच्या ड्रमात टाकू?"

"नको. गच्चीवरचा छोटा ड्रम तेवढा तापत नाही."

"मग माती उन्हात पसरू?"

"नुसती पसरून भागणार नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, त्याचा पुरेपूर उपयोग करू. १५ ते २० सेंटिमीटरचा थर कर, पाणी मारून चांगला ओलसर कर, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाब. ४ ते ६ आठवडे उघडायचं नाही."

"काळं प्लास्टिक जास्त तापेल ना?"

"ते स्वतः तापतं. पारदर्शकातून ऊन थेट मातीपर्यंत जातं. आणि ओल असेल तरच उष्णता खोल उतरते. कोरडी बुरशी उष्णतेला जास्त वेळ दाद देत नाही. यात चांगले जीवाणूही मरतात, म्हणून नंतर मुरलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा मिसळ. राख घालू नकोस, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आधीच भरपूर असतात."

"जूनमध्ये टोमॅटो लावू त्यात?"

"अजिबात नाही! टोमॅटो, वांगी, मिरची बटाट्याच्याच कुळातली. गवार, चवळी लाव, थंडीत मेथी, कोथिंबीर. निदान दोन वर्षं त्या कुळातलं काही नको."

"एक झाड हिरवंगार असतानाच माना टाकून गेलं होतं."

"अरे, हे आधी सांगायचं! असं झालं की खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभं धरायचं. दुधाळ धागे उतरले तर तो जीवाणूंचा मर रोग, तो मातीत बराच काळ राहतो. त्या पोत्यातली माती भाजीला वापरू नकोस. इतर मातीत मिसळली तर नाहीस?"

"नाही, ते पोतं अजून तसंच आहे."

"छान. ते वेगळं ठेव, खुरपं धुऊन उन्हात वाळव. आणि नोव्हेंबरात बाजारातले खायचे बटाटे लावू नकोस, प्रमाणित बेणं आण."