दोन आठवड्यांतून एकदा

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आक्का येतात. वय पंचावन्नच्या पुढे. त्यांना आमवात आहे. बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. तरी पेन्सिल धरून अक्षरे गिरवतात.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा शहरातील डॉक्टरांनी त्यांना नवे इंजेक्शन सुरू केले. पहिली सुई सोमवारी दवाखान्यातच टोचली. ती कशी टोचायची ते सुनेला दाखवले. दुसरी सुई थंड डब्यात घालून घरी दिली. बरोबर एक चिठ्ठी दिली आणि महिन्याने या म्हणून सांगितले.

त्याच गुरुवारी आक्का वर्गात आल्या त्या घाईतच. म्हणाल्या, "गुरुजी, आज लवकर सोडा. सुई घ्यायचीय. नातवानं चिठ्ठी वाचली. आठवड्यातून दोनदा आहे म्हणतो."

आम्ही चिठ्ठी मागून घेतली. पण वाचायला मात्र त्यांनाच लावली. आक्का एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. "दोन... आठ-व-ड्यां-तून... एक-दा." थांबल्या. पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "अगं बाई! हे तर उलटंच झालं की!"

खरेच उलटे झाले होते. नातू घाईत होता. 'दोन' दिसले, 'आठवडा' दिसला, बाकीचे त्याने मनानेच जुळवले. आता हिशेब करून पाहा. चार आठवडे घ्या. आठवड्यातून दोनदा म्हणजे ८ सुया. दोन आठवड्यांतून एकदा म्हणजे २ सुया. शब्द जवळपास तेच; पण औषध चौपट!

ही चूक दुसऱ्या रीतीनेही पकडता आली असती. डॉक्टरांनी महिन्यासाठी सुया दिल्या किती? दोन. आठवड्यातून दोनदा घ्यायच्या असत्या, तर त्या एका आठवड्यातच संपल्या असत्या. मग डॉक्टरांनी महिन्याने कशाला बोलावले असते? म्हणून औषध घरी आणले की आधी वाचावे, मग मोजावे. वाचलेले आणि मोजलेले जुळले नाही, तर सुई टोचू नये. डॉक्टरांना विचारावे.

हे औषध कोणते?

आक्कांच्या औषधाचे नाव आहे अडॅलिमुमॅब. नाव मोठे आहे. तोडून वाचा: अ-डॅ-लि-मु-मॅब. अमेरिकेत २००२ साली त्याला परवानगी मिळाली. भारतातील एका कंपनीने त्याच धर्तीवर तयार केलेले औषध २०१४ साली बाजारात आणले. आमवात, पाठीच्या कण्याचा एक प्रकारचा संधिवात, सोरायसिस हा कातडीचा रोग, आतड्याला सूज आणणारा क्रोन्सचा रोग, अशा रोगांत ते देतात.

हे सारे रोग एका जातीचे आहेत. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी शक्ती असते. ती घराच्या राखणदारासारखी आहे. पण कधी कधी हा राखणदार चोर सोडून घरच्याच माणसांवर काठी उगारतो. आमवातात तो सांध्यांवर उठतो. अशा वेळी शरीरात टीएनएफ नावाचा एक पदार्थ फार होतो आणि सूज भडकत राहते. अडॅलिमुमॅब त्या टीएनएफला धरून ठेवते. सूज उतरते.

मग याची गोळी का नाही? कारण हे औषध एक प्रकारचे प्रथिन आहे. डाळीत, अंड्यात प्रथिने असतात ना? ती आपण खाल्ली की पोटात पचतात. तसेच हे औषधही पचून जाईल. म्हणून ते सुईने कातडीखाली द्यावे लागते.

दोन आठवडेच का?

अंगातील हे औषध निम्मे व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. माणसामाणसांत थोडा फरक पडतो. पण हिशेब समजण्यापुरते दोन आठवडे धरू.

पहिल्या सुईत ४० भाग औषध गेले. दोन आठवड्यांनी उरले २०. दुसऱ्या सुईचे ४० मिळवले, झाले ६०. पुन्हा दोन आठवड्यांनी उरले ३०. तिसऱ्या सुईचे ४० मिळवले, झाले ७०. त्यापुढे ७५. असे वाढत वाढत ते ८० च्या जवळ जाऊन थांबते. का थांबते? ८० चे निम्मे ४०. जेवढे गेले, तेवढेच नवे आले.

रांजणाचेही असेच आहे. रोज निम्मे पाणी उपसावे आणि तेवढेच भरावे, म्हणजे पातळी टिकते. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, गुण यायला वेळ लागतो. पहिल्या सुईने मूठ वळली नाही म्हणून निराश होऊ नये. दुसरी, एक भरणी चुकली की पातळी खाली जाते.

काही रोगांत डॉक्टर रांजण सुरुवातीलाच भरून घेतात. क्रोन्सच्या रोगात मोठ्या माणसाला नेहमी पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, आणि मग दर दोन आठवड्यांनी ४० असे देतात. आमवातात बहुधा सुरुवातीपासून ४० च देतात. काही रोग्यांना दर आठवड्यालाही देतात. मुलांचा डोस वजन पाहून ठरतो. म्हणून शेजारणीची चिठ्ठी पाहून आपला डोस ठरवू नये. औषध एक असले तरी चिठ्ठी ज्याची त्याची.

आमची चूक

त्या गुरुवारी आक्कांना आम्ही सहज म्हणालो, "आता पंधरा दिवसांनी घ्या बरं का." आक्का घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. "गुरुजी, सोमवारी सुई घेतली. पंधरा दिवस बोटांवर मोजले, तर मंगळवार येतो. डॉक्टर तर म्हणाले होते, सोमवारचा सोमवारच धरा. खरं कोणाचं?"

खरे डॉक्टरांचे. चूक आमची. आपल्या बोलण्यात आठवड्याला 'आठ दिवस' म्हणतात आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'. सोमवार ते सोमवार मोजताना आपण दोन्ही सोमवार धरतो, म्हणून आठ होतात. खरे दिवस सातच. दोन आठवडे म्हणजे १४ दिवस. बोलताना पंधरा चालतील. औषधाला चौदाच धरावेत.

'महिन्यातून दोनदा' हेही बरोबर नाही. तसे धरले तर वर्षाला २४ सुया होतात. वर्षाचे आठवडे ५२; दोन आठवड्यांतून एक, तर सुया २६ होतात. दोन सुयांचा फरक पडतो.

यावर सोपा उपाय भिंतीवर टांगलेला आहे. आपली दिनदर्शिका! सुईचा वार एकच ठेवावा. एक सोमवार खूण, पुढचा मोकळा, त्याच्या पुढचा पुन्हा खूण. सुई झाली की खुणेवर काट मारावी. आक्कांनी स्वतःच्या हाताने वर्षाच्या खुणा केल्या. खालच्या रकान्यात 'सुई' हा शब्दही लिहिला.

खोक्यावरचे आकडे

आक्कांच्या खोक्यावर लिहिले होते, '४० मि.ग्रॅ. / ०.८ मि.लि.' मि.ग्रॅ. म्हणजे मिलिग्रॅम. हे औषधाचे वजन. मि.लि. म्हणजे मिलिलिटर. हे पातळ पदार्थाचे माप. टिंब विसरू नये. ०.८ म्हणजे आठ नव्हे, एकापेक्षाही कमी. काही खोक्यांवर '४० मि.ग्रॅ. / ०.४ मि.लि.' असे असते. तिथे पाणी निम्मे, पण औषध तेवढेच. चमचाभर साखर अर्ध्या कपात घातली काय आणि पूर्ण कपात घातली काय, साखर चमचाभरच. म्हणून आधी मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा.

आमवाताच्या रोग्याला पुष्कळदा मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्याही देतात. त्या आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायच्या असतात. रोज घेतल्या तर जिवावर बेतते. त्या गोळ्यांच्या पाकिटावर वाराचे नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे.

बरे वाटू लागल्यावर

सहा महिन्यांत आक्कांची सूज उतरली. मूठ वळू लागली. पिळे पिळता येऊ लागले. पण औषध महाग. घरात मुलाची ओढाताण चाललेली. आक्कांनी कोणाला न सांगता सुई महिन्याने घ्यायला सुरुवात केली. "बरं वाटतंय, तर कशाला पोराला खर्चात घालू?" असा त्यांचा विचार. आईचे मन ते!

तीन महिन्यांत बोटे पुन्हा सुजली. वर्गात पेन्सिल हातातून गळू लागली, तेव्हा आम्हांला कळले.

आता रांजणाचा हिशेब आठवा. दोन आठवड्यांनी सुई घेतली, तर पुढच्या सुईच्या वेळी अंगात ४० भाग शिल्लक असतात. चार आठवड्यांनी घेतली, तर काही फेऱ्यांनंतर जेमतेम १३ उरतात. एवढ्याने सूज आवरत नाही. शिवाय औषध अनियमित आणि थोडे मिळाले, तर कधी कधी शरीर त्या औषधालाच परके समजून त्याच्याशी लढू लागते. मग तेच औषध पुढे नीट लागू पडत नाही.

डॉक्टर आक्कांवर रागावले नाहीत. म्हणाले, "आक्का, पैशाची अडचण मला आधी सांगायची. त्यावर काही वाट काढता येते. रोग बराच काळ काबूत राहिला, तर मीच तपासून सुयांतले अंतर वाढवीन. पण ते तुम्ही एकटीने ठरवायचे नाही." पैशाची गोष्ट सांगायला लाज वाटते, हे आम्ही जाणतो. पण ती लाज सांध्यांना महाग पडते.

आणखी काही गोष्टी

१. सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात. ती टाळू नये. या औषधाने राखणदार थोडा मवाळ होतो, आणि दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो. पुढेही खोकला रेंगाळला, वजन घटले, तर लगेच सांगावे.

२. ताप आला, जखम चिघळली, लघवीला जळजळ झाली, तर सुईचा दिवस असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे. कोणतीही लस घेण्यापूर्वीही विचारावे.

३. सुई घ्यायची राहिली, तर आठवताच घ्यावी आणि पुढची मूळच्या ठरलेल्या दिवशीच घ्यावी, असे मूळ औषधाच्या पत्रकात सांगितले आहे. तरी डॉक्टरांना कळवावे. चुकलेली भरून काढायला एकदम दोन घेऊ नयेत.

४. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. एकदा गोठले, की वितळल्यावरही ते वापरायचे नाही. वीज बराच वेळ गेली, तर औषध वापरावे की नाही हे पत्रकात पाहून किंवा विचारून ठरवावे.

५. टोचण्यापूर्वी पाव ते अर्धा तास बाहेर काढून ठेवावे. उन्हात किंवा गरम पाण्यात धरू नये.

६. सुई मांडीला किंवा पोटाला घ्यावी. बेंबीपासून दोन इंच दूर. दर वेळी जागा बदलावी. वापरलेली सुई जाड, झाकणाच्या डब्यात टाकावी. उकिरड्यावर टाकू नये.

आक्कांची सुई आता पुन्हा ठरलेल्या सोमवारी होते. सूज हळूहळू उतरते आहे. परवा नातू चिठ्ठी वाचायला पुढे झाला, तेव्हा आक्का म्हणाल्या, "थांब रे बाळा. आधी मी वाचते, मग तू वाच. दोघांचं जुळलं, तरच सुई."

आम्हांला वाटते, साक्षर होणे म्हणजे हेच. आपली चिठ्ठी आपण वाचावी, आपले दिवस आपण मोजावेत, आणि शंका आली की न लाजता विचारावे.

अभ्यास

१. 'आठवड्यातून दोनदा' आणि 'दोन आठवड्यांतून एकदा' हे शब्द वहीत एकाखाली एक लिहा. सहा आठवड्यांत प्रत्येकाच्या किती सुया होतील?

२. एका बाईने ५ तारखेला, सोमवारी, सुई घेतली. महिना ३१ दिवसांचा आहे. पुढच्या दोन सुया कोणत्या तारखांना येतील?

३. ०.४ मि.लि. आणि ०.८ मि.लि. या दोन्ही सुयांत औषध ४० मि.ग्रॅ. असू शकते का? कसे?

४. आक्कांनी सुयांतले अंतर का वाढवले? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर डॉक्टरांना काय सांगितले असते?

५. घरातील एखाद्या औषधाची चिठ्ठी वर्गात आणा. आधी स्वतः वाचा. मग शेजाऱ्याला वाचायला द्या. दोघांचे जुळते का ते पाहा.